अक्कोर, सुम्न कूड्री!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांत एका तरुणाचं पत्र छापून आलं. सीमाभागातल्या म्हाताऱ्यांनी निवेदनं आणि मूक मोर्चे यांत उमर घालवली, पदरात काही पडलं नाही, तेव्हा मूग गिळून बसणाऱ्यांनी आता घरीच बसावं आणि आम्हाला आमच्या पद्धतीनं बघू द्यावं, असं त्याचं म्हणणं. पत्र चांगलं लिहिलंय. ऱ्हस्वदीर्घाची एकच चूक होती, म्हणजे पोरगा मराठी शाळेतला असणार. त्या म्हाताऱ्यांत मी मोडते. वय एकाहत्तर, बेळगाव तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत तेहतीस वर्षं नोकरी, आणि बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाची एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी १९७२ पासून एकदाही चुकवलेली नाही. एक वर्ष सोडून. या पत्रात त्याच वर्षाबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण मधूनच लावू नका.

सप्टेंबर २०१९ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेले, ती फेब्रुवारीत परतले. एक नोव्हेंबर उजाडला. म्हटलं, फेरी नाही तर नाही, काळं तरी घालू. काळी साडी, वर जावयाचा काळा स्वेटर. बाळाची गाडी ढकलत रस्त्यावर गेले तर सगळं गावच काळे कोट घालून चाललेलं! माझा निषेध कुणाच्या डोळ्यांवर येईना. शेजारी पंच्याऐंशीच्या घरातली एक बाई एकटी राहायची, तिच्या मात्र नजरेत आलं. घरी कोणी वारलं का, म्हणून ती विचारायला आली. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला सगळं सांगितलं. १९५६ ची राज्यपुनर्रचना, गोळीबार, महाजन आयोग, त्यानं इकडे द्यायला सांगितलेली गावं आणि तिकडे द्यायला सांगितलेली गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा. अर्धा तास गेला. तिनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी एकच विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही रस्त्यावर उतरून करता काय?’ मी म्हटलं, घोषणा देतो. ती म्हणाली, ‘आम्हीही उभे राहतो. पण काही बोलत नाही.’

ती क्वेकर होती, म्हणजे त्या नावाच्या एका ख्रिस्ती पंथाची. आपल्याकडे क्वेकर म्हटलं की ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला आठवतो. त्या कंपनीचा आणि या पंथाचा काडीचा संबंध नाही, नुसतं नाव उचललेलं आहे. हे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात, मित्रमंडळी. क्वेकर, म्हणजे थरथर कापणारे, हे टोपणनाव १६५० मध्ये एका न्यायाधीशानं चेष्टेनं दिलं आणि तेच चिकटलं. पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा, पोरवयात चांभाराकडे उमेदवारी केलेला. आमच्या वडगावात मागावर बसणाऱ्या घरांना ही गोष्ट सांगितली की ऐकणारा जरा पुढे सरकून बसतो. ईश्वराचा अंश प्रत्येकात आहे, तेव्हा मधे भटजी-पाद्री कशाला, असं फॉक्सचं म्हणणं. विठोबाच्या दारात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे.

रविवारी ती मला त्यांच्या सभेला घेऊन गेली. चर्च म्हणून बघायला गेले तर साधा हॉल. क्रूस नाही, मेणबत्ती नाही, व्यासपीठ नाही. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, मधे एक टेबल, त्यावर फुलं आणि दोन-तीन पुस्तकं. तीसेक माणसं आली आणि आपापल्या जागी बसली. कोणी सुरुवात करेल म्हणून मी दाराकडे बघत राहिले. दहा मिनिटांनी ध्यानात आलं की सुरुवात झालेलीच आहे. सुरू व्हायचं ते हेच.

पहिला अर्धा तास मी काय केलं ते खरं सांगते. डिंकाच्या लाडवांचा पाक दोनतारी झाला असता तर बरं झालं असतं, याचा विचार केला. मग एक डुलकी काढली. जागी झाले तेव्हा पाऊस लागला होता आणि पन्नाशीचा एक माणूस उठून उभा राहिला होता. आपल्या भाजीच्या वाफ्यातल्या शेंगा थंडीनं गेल्या, आणि शेजाऱ्यानं न विचारता आपल्या वाफ्यातल्या आणून दिल्या, एवढं तो बोलला. बसला. कोणी मान डोलावली नाही, कोणी उत्तर दिलं नाही. मी शिक्षिका, माझ्या ओठांवर ‘तात्पर्य काय?’ आलं होतं. पुन्हा शांत. तास भरला तशी दोन वयस्क माणसांनी एकमेकांशी हात मिळवला, मग सगळ्यांनी शेजारच्याशी मिळवला. सभा संपली. चहा आणि बिस्किटं.

त्या चहाच्या वेळी मला जे जाणवलं ते त्या पत्रलेखक पोरानं नीट वाचावं. इंग्लंडात पाय ठेवल्यापासून मी कुठेही गेले, दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, की माझी भाषा माझ्या आधी उघडी पडायची. समोरच्याचा चेहरा बदलायचा, तो मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागायचा, जणू मी बहिरी. त्या एका तासात माझं इंग्रजी कच्चं आहे हे कुणाला कळलंच नाही. तीस माणसांत मी एकतिसावी होते, बस. आपल्या बेळगावात सरकारी कचेरीच्या खिडकीशी कन्नड न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला या एका तासाची किंमत कळेल.

(जगातले सगळे क्वेकर असे मुके बसत नाहीत, हेही सांगायला हवं. आज सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि तिथे पाळक असतो, गाणी असतात, प्रवचन असतं.)

नोव्हेंबरातल्याच एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर चौकात उभी राहिले. सात-आठ जण, हातात युद्ध नको असं लिहिलेला फलक, अर्धा तास. माझ्या हातात फलकाचं एक टोक आणि पायांत लेकीचे मोजे, एकावर एक दोन. एक माणूस जाता जाता काहीतरी घाण बोलून गेला. कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं शाळेच्या दप्तराचा एक मुलगा थांबला आणि ‘हे काय चाललंय’ म्हणाला. तेव्हा मात्र माझी शेजारीण फलक दुसऱ्याच्या हातात देऊन त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलली, छापील कागद दिला, त्याचे प्रश्न ऐकले. म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर आहे. शिवी देणाऱ्याला नाही. याला ते साक्ष देणं म्हणतात.

या साक्षीला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. फॉक्स डर्बीच्या तुरुंगात असताना त्याला सांगण्यात आलं, सैन्यात कॅप्टन हो, सोडतो. त्यानं नाही म्हटलं आणि आणखी काही महिने आत काढले. युद्धाचं निमित्तच उरणार नाही असं जगायचं, हे त्याचं त्या वेळचं उत्तर. पुढे १६६१ च्या जानेवारीत दुसऱ्या चार्ल्स राजाला क्वेकरांनी लेखी दिलं की कोणत्याही हेतूनं, कोणत्याही सबबीखाली आम्ही शस्त्र धरून लढणार नाही. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीला नाही म्हणून त्यांच्यातले कित्येक तुरुंगात गेले. आणि बाकीचे घरी बसले नाहीत. १९१४ मध्ये त्यांनी रुग्णवाहिकांचं पथक काढलं आणि बिनहत्यारी माणसं तोफांच्या पल्ल्यात जाऊन जखमी उचलू लागली. १९४७ चं शांततेचं नोबेल लंडनच्या आणि अमेरिकेच्या अशा दोन क्वेकर सेवासंस्थांना मिळालं, ते उपाशी आणि उजाड झालेल्या लोकांत केलेल्या कामासाठी. जिंकलेला देश आणि हरलेला देश असा भेद त्यांनी तिथे केला नव्हता.

आता माझी अडचण. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले. आमच्याकडे घरटी एक फौजी. मराठा सेंटरसमोरून जाताना आजही माझी मान आपोआप ताठ होते. हे मी शेजारणीला सांगितलं, थोडं भीतभीतच. ती म्हणाली, ‘माझ्या वडिलांनी त्याच युद्धात बंदूक धरायला नकार दिला. ते रुग्णवाहिका चालवायचे.’ आणि तिनं माझ्या कपात चहा ओतला. माझ्या बाबांनी इटलीबद्दल घरात कधी दोन वाक्यं सांगितली नाहीत. दुपारी जेवून अंगणात खाटेवर बसायचे, तास तास. आम्ही पोरं म्हणायचो, बाबांची ड्यूटी चाललीय. ते चुकले असं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही, आणि तिचे वडील भित्रे होते असंही म्हणवत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं आपल्याच स्तंभात लिहावं.

क्वेकर आपल्याला परके नाहीत, हेही सांगते. मीठ सत्याग्रहाच्या आधी, मार्च १९३० मध्ये, गांधीजींचं पत्र व्हाइसरॉयकडे घेऊन गेला तो रेजिनल्ड रेनॉल्ड्स नावाचा तरुण इंग्रज क्वेकर होता. गोलमेज परिषदेच्या वेळी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, गांधीजी बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर अभ्यासकेंद्रात राहून गेले. तिथे शिकवणारे होरेस अलेक्झांडर पुढे १९४२ मध्ये त्या रुग्णवाहिका पथकाची तुकडी घेऊन कोलकात्याला आले. वादळ आणि मागोमाग बंगालचा दुष्काळ, दोन्हींत ते पथक राबलं. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला, दिल्लीत रोषणाई असताना, गांधीजी कोलकात्यात बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये दंगल विझवत बसले होते, तेव्हा अलेक्झांडर त्यांच्याजवळ होते. आम्हा शिक्षकांना तर होशंगाबाद विज्ञान ठाऊक होतं. १९७२ पासून मध्य प्रदेशातल्या खेड्यांतल्या शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं, असा तो कार्यक्रम. तो सुरू करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर, क्वेकरांचंच. आपल्या बेळगावातच, टिळकवाडीत, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते इथेच आणि आयुष्यात एकदाच. १९३७ मध्ये ते पुन्हा आले, हुदलीला, गांधी सेवा संघाच्या बैठकीला. काँग्रेस विहिरीजवळून आपण रोज जातो. त्या माणसाचे मित्र कोण होते, हे कुठल्याही पाठात मला शिकवावं लागलं नाही, आणि मीही आपणहून शिकवलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर त्यांची कामकाजाची सभा. हसाल, पण मी आयुष्यभर सभांत बसलेय. शाळा सुधारणा समिती, महिला मंडळ, वाचनालय, महाराष्ट्र एकीकरण समितीची वॉर्ड बैठक. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, इथपासून जे भांडण लागतं ते ऐनवेळच्या विषयांपर्यंत. त्यांच्याकडे मतदान नाहीच. हात वर करणं नाही. सभा चालवणाऱ्याला ते क्लार्क म्हणतात, आपल्या तालुका कचेरीतला क्लार्क नव्हे. हॉल एका संस्थेला भाड्यानं द्यावा की नाही, एवढाच विषय होता. एक जण बोलला की थोडं थांबायचं, मग दुसरा. सगळं ऐकून झालं की क्लार्कबाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, ठराव लिहायला घेतला. त्या लिहितायत तोवर सभा गप्प. मग त्यांनी वाचून दाखवला. एका आजोबांनी एक शब्द अडवला. शब्द बदलला. पुन्हा वाचला. आता सगळे ‘हो’ म्हणतील असं मला वाटलं, तर ते म्हणाले, ‘होप सो.’ तशी आशा आहे! ठराव मंजूर झाला तो या दोन शब्दांवर. आपण बरोबरच आहोत अशी खात्री कुणालाच नको होती. इतिवृत्त पुढच्या महिन्यात लिहिण्याची भानगड नाही, त्यामुळे ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ हे भांडणही नाही.

यात खोटही आहे. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं म्हटलं की ज्याच्या पाठीवर ओझं आहे तोही थांबतो. अमेरिकेतले क्वेकर एके काळी गुलाम बाळगत होते. गुलामगिरी चूक आहे असं त्यांच्यातल्याच काहींनी १६८८ मध्ये जर्मनटाऊन गावी लिहून दिलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असं ठरवलं ते १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं! त्या वर्षांत किती माणसं गुलाम म्हणून जन्मली आणि गुलाम म्हणून मेली असतील. मधल्या काळात जॉन वूलमन नावाचा एक शिंपी घरोघर फिरत राहिला. गुलाम बाळगणाऱ्या मित्राच्या घरी मुक्काम केला तर निघताना त्या गुलामांच्या हातावर आपल्या सेवेचे पैसे ठेवायचा. यजमानाला किती ओशाळवाणं होत असेल! शिवी न देता माणसाला झोपू न देण्याचा हा प्रकार मला फार मोठा वाटतो. पण अठ्ठ्याऐंशी वर्षं ती अठ्ठ्याऐंशीच. १९५६ पासून मोजत बसलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब कुणी समजावायला नको.

म्हणून त्या तरुणाचा राग मला समजतो. त्याच्या आणि माझ्या मधे जी गोष्ट आहे ती फेब्रुवारी २०२५ मधली. तिकिटावेळी भाषेवरून वाद झाला, इकडे वाहकाला मारलं, तिकडे चालकाच्या तोंडाला काळं फासलं, आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद. त्या दिवशी मी कोल्हापुरात होते. बरोबर शेजारच्या अक्का. त्या कन्नड, लिंगायत, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि अंबाबाईचा नवस त्यांचा. त्या मला अक्कोर म्हणतात, त्यांच्याकडे मास्तरीणबाईला तसंच म्हणतात. आम्ही वडापच्या जीपनं सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत आलो. तिथून पुढे गाडी जाईना. दोन म्हाताऱ्या प्रसादाच्या पिशव्या घेऊन उन्हातून सीमा ओलांडत चालतायत आणि दोन्हीकडे पोलीस. पलीकडे निपाणीची जीप मिळाली. जीपमध्ये एक पोरगा मोबाईलवर मारहाणीचा व्हिडिओ मोठ्यानं लावून मराठी माणसांबद्दल नको ते बोलला. मी तोंड उघडलं. अक्कांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, ‘अक्कोर, सुम्न कूड्री!’ गप्प बसा.

मला असा संताप आला म्हणून सांगू! आयुष्यभर सगळ्यांनी हेच सांगितलं. अर्ज घेऊन गेले तर गप्प बसा, पाटीबद्दल विचारलं तर गप्प बसा, आणि आता शेजारीणही. निपाणीपासून बेळगावपर्यंत मी अक्कांशी बोलले नाही. दारात पोचल्यावर मात्र त्यांनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, मी तुमची बाजू सोडायला नाही सांगितलं, त्या पोराच्या पायाशी काठी होती, ती तुम्हाला दिसली नव्हती. मग त्या माझ्या सोप्यात येऊन बसल्या. मी विचारलं, काही काम होतं का? ‘सुम्न बंदे,’ त्या म्हणाल्या. सहज आले. कन्नडात गप्प आणि सहज याला एकच शब्द, हे एकाहत्तर वर्षं कन्नड कानावर पडूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना बर्मिंगहॅमची हकीकत सांगितली. पुढच्या शनिवारपासून आम्ही सोप्यात बसू लागलो, संध्याकाळी अर्धा तास. आधी दोघी, मग तिघी, एकदा सात जण. मागच्या घरात यंत्रमाग आहे, त्याची खटखट सतत. पहिल्या दिवशी वाटलं, हे काही जमायचं नाही. पुढे एका शनिवारी मधेच वीज गेली, माग थांबला, आणि एकदम असं सुनं झालं की पाच माणसांचे श्वास वेगवेगळे ऐकू यायला लागले. अक्कांच्या छातीत बारीक घरघर आहे. दोन दिवसांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

हे काही सुखान्त नाटक नाही. फेरीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला भर रस्त्यात विचारलं, ‘बाई, आता कानड्यांबरोबर ध्यान का?’ अक्कांना त्यांच्या पुतण्यानं जवळजवळ तेच विचारलं, त्याच्या भाषेत. सातांतले तीन गळाले. आणि अक्का आणि मी अजूनही एकमेकींच्या मताला आलेल्या नाही. बेळगाव कर्नाटकातच राहणार असं त्या म्हणतात, ते महाराष्ट्राचं आहे असं मी म्हणते, आणि महाराष्ट्रात जाईपर्यंत निदान सरकारी कागद मराठीतून मिळावा हा माझा हक्क आहे, असंही म्हणते. हे दुसरं म्हणणं मात्र अक्कांना पटतं. त्यांनी माझ्या निवेदनावर सही केली आहे, कन्नडमध्ये.

वाचनालयातही मी तो ठरावाचा प्रकार करून बघितला. विषय, एक कन्नड दैनिक घ्यावं की नाही. पूर्वीसारखं असतं तर सहा विरुद्ध पाच होऊन पाच जणांनी वाचनालयात येणं सोडलं असतं. मी म्हटलं, दहा मिनिटं कोणी बोलू नका. मधेच चहावाला पोरगा आला आणि आम्हाला तसं बसलेलं पाहून कोणी गेलं की काय म्हणून दारातच थांबला. दोन सभांत काही ठरलं नाही. तिसऱ्या सभेत चिटणिसांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘एक कन्नड दैनिक सहा महिन्यांसाठी घ्यावे.’ सर्वांत कडक विरोध करणाऱ्या गृहस्थांनी ‘घ्यावे’ अडवलं. ‘घेऊन पाहावे’ केलं. पुन्हा वाचलं. ते म्हणाले, ‘बघू.’ मला क्लार्कबाईंचं होप सो आठवलं. त्यानंतरच्याच सभेत ट्यूबलाइटच्या बिलावरून नेहमीसारखी जुंपली, ती गोष्ट वेगळी. पण दैनिक येतंय, आणि ते सर्वांत आधी उघडून बसतात ते हेच गृहस्थ.

त्या पत्रलेखक तरुणाला माझं एवढंच सांगणं आहे. मूग गिळणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं, आणि फरक बघायचा असेल तर ये. येत्या एक नोव्हेंबरला सकाळी मी काळ्या साडीत फेरीला असणार. फेरीतली सायकल आता झेपत नाही, मी संभाजी चौकात उभी राहीन. कोणी विचारलं तर सांगेन, सगळं, १९५६ पासून. त्याच वेळी अक्कांचा नातू कर्नाटक राज्योत्सवासाठी लाल-पिवळा झेंडा घेऊन चन्नम्मा चौकाकडे जाईल. गेली कित्येक वर्षं त्या दिवशी आमच्या दोन्ही घरांची दारं दिवसभर बंद असायची, भांडण नको म्हणून. यंदा संध्याकाळी पाच ते साडेपाच माझ्या सोप्याचं दार उघडं आहे. अक्का येणार आहेत. त्यांनी होळगी, म्हणजे पुरणपोळी, आणते म्हटलंय, मी म्हटलं काळ्या दिनाला गोड नको, यावर अजून ठराव झालेला नाही. खुर्च्या सहा आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव

ता. क. : पत्राला ‘शांततेचा संदेश’ वगैरे मथळा देऊ नये. वर दिलाय तोच ठेवावा, आणि ‘कूड्री’तला कू दीर्घच छापावा.